पवनचक्की जतची, पण पाणी कुठले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाळवंटी देशांतल्या हरित हायड्रोजनवरचा, म्हणजे ऊन-वाऱ्याच्या विजेने पाणी फोडून केलेल्या हायड्रोजनवरचा, आपल्या अंकातला लेख वाचला. सौदीतल्या निओमचे आणि नामिबियातल्या ल्युडेरिट्झजवळच्या प्रकल्पाचे वाचून आमच्या पारावर एकाने विचारलेच, "मग आपल्या माळावर का नको? ऊन आहे, वारा आहे, पवनचक्क्या तर कधीच्या फिरत्यात." प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी मला वही घेऊन बसावे लागले.

तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. सेल आणि पेन्सिलीची शिसे लावून पाण्याचे बुडबुडे करून दाखवायचो. १८ ग्रॅम पाण्यातून २ ग्रॅम हायड्रोजन, म्हणजे किलोला ९ लिटर. हे झाले पुस्तकातले पाणी. शुद्ध करताना वाया जाणारे आणि यंत्र थंड ठेवायला लागणारे धरले की आकडा २० ते ३० लिटरवर जातो. निओमचे उद्दिष्ट रोज ६०० टनांचे आहे. आपण रोज १० टनांचा छोटा प्रकल्प धरू. किलोला २५ लिटरने रोज अडीच लाख लिटर झाले. दहा हजार लिटरचे २५ टँकर, तेही बारा महिने.

गंमत अशी, की वर्षाचे एवढे पाणी जेमतेम दहा-बारा एकर ऊस पितो. त्यामुळे हायड्रोजन नद्या आटवणार ही ओरड मला पटत नाही. कृष्णा-वारणाकाठच्या माणसाने तर ती करूच नये. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे, त्यालाही याच हिशेबाने साडेचार टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आतच पाणी लागेल. आपली कोयना १०५ टीएमसीची.

पण माणशी ५५ लिटर धरा, की तेच रोजचे २५ टँकर साडेचार हजार वस्तीच्या गावाचे पाणी होते. २०१३ च्या उन्हाळ्यात डाळिंबाची बाग मी टँकरने जगवली आहे. रात्री बाराला फाट्यावर उभे राहून टँकरची वाट पाहणाऱ्याला टीएमसीत बोलता येत नाही.

आणि ते वाळवंटी देश हा उद्योग मांडतात कुठे, तर समुद्राकाठी. खारे पाणी गोडे करायला हजार लिटरला तीन-चार युनिट वीज लागते. एक किलो हायड्रोजनला पन्नासावर युनिट जातात, त्यापुढे त्याच्या २५ लिटर पाण्याचा विजेचा खर्च किरकोळ. जतला समुद्र नाही. बोअर किती फूट गेली हे सांगायची आता लाज वाटते. राहिले म्हैसाळ उपसा योजनेचे कृष्णेचे पाणी. ते वीज जाळून टप्प्याटप्प्याने वर चढवलेले, आमच्या पूर्व भागाने वर्षानुवर्षे वाट पाहिलेले. ते इथे आणून पुन्हा विजेनेच फोडायचे, याला काय म्हणावे?

वीज तारेतून जाते, तेव्हा पवनचक्कीच्या बुडाशीच हायड्रोजन करायची गरज नाही. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचे अवजल वाशिष्ठीतून समुद्राला मिळते; आमच्या माळावरची वीज तिकडे न्या. जिल्ह्यातच करायचे असेल तर सांगलीत कृष्णेत मिसळणारे शेरीनाल्याचे सांडपाणी आहे. ते शुद्ध करून वापरले तर कृष्णेवरही उपकार होतील. खर्च वाढेल हे कबूल, पण तो प्रकल्पाच्या हिशेबात दिसू दे, आमच्या विहिरींत नको.

म्हणून मागणी एकच. अशा प्रकल्पाला जिल्ह्यात जागा देताना गट नंबराशेजारी पाणी कुठून घेणार हेही लिहून घ्यावे, आणि दुष्काळी तालुक्यांत भूजल व उपसा योजनांचे पाणी त्यातून वगळावे. शुद्धीकरणातून उरणारे क्षारांचे पाणी कुठे सोडणार, तेही त्याच कागदावर यावे. घरच्या आरओचे वाया जाणारे पाणी आमच्याकडे बायका भांड्यांना वापरतात. कारखान्याचे मात्र थेट ओढ्यात जाईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व डाळिंब बागायतदार,
ता. जत, जि. सांगली