बाबा, कॉम्प्युटरवरचं कापड काढा

बंगळुरू
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

मेलच करणार होते, पण मेल उघडायला तोच कॉम्प्युटर लागतो. आणि फोनवर हा विषय निघाला की काय होतं ते मागच्या रविवारी झालंच. म्हणून स्पीड पोस्टने पाठवतेय. आई, बाबांना चष्मा सापडेपर्यंत तू वाचून दाखव. पण सगळं वाच, मधलं गाळू नकोस.

बाबा, मी चुकले. चाळीस मिनिटं तुम्ही माझ्या सांगण्यावरून एकेक बटण दाबत होतात, स्क्रीनवर येईल ते अक्षर न् अक्षर वाचून दाखवत होतात. आणि तो परत अडकला तेव्हा मी म्हणाले, "किती वेळा सांगितलं एवढे टॅब उघडू नका, बंदच करून टाका तो." वर फोनही ठेवून दिला. गुरुवारी आईकडून कळलं की त्या दिवसापासून तुम्ही त्याच्यावर जुना टेबलक्लॉथ घातलाय आणि सोसायटीचा जानेवारीचा हिशेब वहीत हाताने लिहिताय. आणि जे तुम्ही "तिला सांगू नकोस" म्हणालात, तेही आईने सांगितलं. टेबलाखाली वाकून प्लग काढायला गेलात आणि उठताना चक्कर आली. आईवर रागावू नका. ती नाही सांगणार तर मला कोण सांगणार?

तर ऐका. मी तुम्हाला न विचारता ठरवून टाकलंय. कॉम्प्युटर नवा घेत नाही, आहे तोच दुरुस्त करतोय. चार जीबीची आणखी एक रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, आणि एक एसएसडी, म्हणजे जुन्या डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, मागवली आहे, पैसे भरून झालेत. शनिवारी १४ तारखेला सकाळी अकरा वाजता गोखले रोडवरचा मुलगा येऊन बसवून देईल. त्याच्याशी माझं दोनदा सविस्तर बोलणं झालंय. रविवारी महाशिवरात्र, आईचा उपास आणि कोपिनेश्वरला जायची गडबड, म्हणून शनिवारच धरला. कृपा करून त्याला फोन करून "नको येऊस" म्हणू नका.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. "रॅमवर पैसे घालून काही होत नाही, दोन हजार साली बघितलंय." त्यासाठीच हे पत्र एवढं लांबणार आहे.

मला तो दिवस स्वच्छ आठवतो. मी आठवीत होते. विंडोज ९८ होतं. मी चित्र काढत असले, शेजारी तुमचं पत्र टाइप होत असलं की मध्येच ती चौकट यायची, की सिस्टिमचे रिसोर्सेस फार कमी उरलेत, अमुक प्रोग्रॅम बंद करू का. तुम्ही बोनसचे पैसे घेतलेत आणि आपण दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो. ठाण्याहून दादर, पूल ओलांडून पश्चिमेची गाडी, ग्रँट रोड. ६४ एमबीची ती पट्टी चंदेरी पाकिटात होती आणि ती तुम्ही शर्टाच्या खिशात ठेवून वरून हात धरून उभे होतात, गर्दीत कोणाचा धक्का लागू नये म्हणून. परत आल्यावर स्टेशनबाहेर कुंजविहारचा वडापाव. घरी येऊन तुम्ही स्वतः खोकं उघडलंत, पट्टी बसवलीत, आकडा ३२ चा ९६ झाला. आणि पंधरा-वीस मिनिटांत परत तीच चौकट. पुढच्या आठवड्यात तुम्ही एकटेच परत गेलात, दुकानदार म्हणाला माल चांगला आहे, परत घेणार नाही. त्या रात्री तुम्ही जेवताना काही बोलला नाहीत. आपण फसवले गेलो असं तुम्हाला वाटलं, आणि ते अजून वाटतं.

बाबा, तुम्ही फसला नव्हता आणि तुमचं काही चुकलंही नव्हतं. हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं, तेव्हाच घरी येऊन सांगायला हवं होतं. विंडोज ९८ ला पडद्यावरच्या खिडक्या, चित्रं, मेनू, अक्षरं यांची नोंद ठेवायला काही ठरावीक कप्पे होते. आधीच्या १६ बिटच्या जमान्यातून तसेच चालत आलेले, जेमतेम ६४ केबीचे. रॅम कितीही घातली तरी ते कप्पे तेवढेच राहायचे. आई, तुझ्या मिसळणाच्या डब्यासारखं. स्वयंपाकघर दुप्पट केलं तरी डब्यातल्या वाट्या तेवढ्याच. काही प्रोग्रॅम तर बंद झाल्यावरही आपली जागा परत करायचे नाहीत, म्हणून पुन्हा सुरू करण्यावाचून इलाज नसायचा. २००१ मध्ये एक्सपी आलं, ते वेगळ्या पायावर उभं होतं, तेव्हा आपल्याकडची ती चौकट गेली. रॅम चांगलीच होती, फक्त दुखणं दुसरीकडे होतं.

आत्ताचं दुखणं मात्र खरोखर रॅमचं आहे, आणि डिस्कचं. तुम्ही त्या दिवशी टास्क मॅनेजरमधले आकडे वाचून दाखवलेत ते मी लिहून घेतले होते: मेमरी ९३ टक्के, डिस्क १०० टक्के. आपल्याकडे चार जीबी. त्यातली दीड-दोन जीबी विंडोज १० स्वतःच धरून बसतं. क्रोम प्रत्येक टॅबला साधारण वेगळा संसार थाटतं. त्यात व्हॉट्सअ‍ॅप, एक्सेल, आणि एक नाही, दोन अँटिव्हायरस. गेल्या वर्षी जो माणूस येऊन फॉरमॅट मारून गेला, त्याने दुसरा अँटिव्हायरस आणि वर ते "स्पीड वाढवणारं" सॉफ्टवेअर टाकून ठेवलं. दोन्ही अँटिव्हायरस एकच फाइल तपासायला धावतात. ते तुम्ही टाकलेलं नाही. मी उगाच तुमच्या टॅबवर सगळं ढकललं.

रॅम भरली की विंडोज जास्तीचं सामान डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसं परत आणतं. रॅम म्हणजे आईचा ओटा आणि डिस्क म्हणजे माळा असं समजा. दिवाळीच्या फराळाला ओटा भरला म्हणून डबे माळ्यावर टाकले, आणि दर चमच्याला स्टुलावर चढायचं, तसं चाललंय. आपल्या डिस्कमध्ये तबकड्या फिरतात, मिनिटाला ७२०० फेरे, आणि एक बारीक हात जागा शोधत पुढेमागे सरकतो. अशा शोधाशोधीत सेकंदाला शंभर-एक जागा गाठल्या तर पुष्कळ. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, ती तेवढ्या वेळात हजारो जागा गाठते. आपली डिस्क मात्र शोधतच राहते, म्हणून तिचा लाल दिवा सारखा जळत असतो आणि माउस हलत नाही.

आणि एक गोष्ट मी रविवारी लपवली. डिस्कची तब्येत दाखवणारं ते सॉफ्टवेअर तुम्ही उघडलंत तेव्हा त्यात पिवळं 'कॉशन' आलं होतं. तुम्ही विचारलंत "हे पिवळं काय?", मी म्हणाले काही नाही. डिस्कचे काही भाग आता भरवशाचे राहिलेले नाहीत. घाबरू नका, सगळं अजून वाचता येतंय. पण त्यावर आजीच्या रेकॉर्ड केलेल्या ओव्या आहेत. फोटोंच्या प्रती माझ्याकडे आहेत, ओव्यांची प्रत मी कधी घेतलीच नाही. म्हणून माझी घाई. मुलाला सांगितलंय की सगळ्यात आधी ते फोल्डर पेन ड्राइव्हवर घे, आईला आवाज ऐकवून खात्री कर, मगच पेचकस लाव. तोपर्यंत कॉम्प्युटर सुरू करू नका. एकदाही नाही. हिशेब वहीतच राहू दे, तुमचं अक्षर एक्सेलपेक्षा कितीतरी छान आहे.

नवा लॅपटॉप का नाही, असं आई विचारेल. मी खूप विचार केला. लॅपटॉपचा पडदा लहान, अक्षरं लहान, बाबांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय. तुमचा हात त्या कीबोर्डवर बसलाय. आणि नवं यंत्र म्हणजे सगळं नव्या जागी. आता जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर होईल. आई, तुझा पत्त्यांचा डाव जिथे आहे तिथेच राहील, पडद्यावरचा तलावपाळीचा फोटो तोच राहील, भजनी मंडळाच्या पत्रिकांचा किरण फाँट तसाच राहील. जुनी डिस्क तो नेणार नाही. पिशवीत घालून कपाटात ठेवा, मी आले की बघते.

एक खरं सांगते. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा गेल्या १४ ऑक्टोबरला संपली, आणि आपला २०१४ चा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यासाठीची नोंदणी मी शनिवारी दुपारी इथून करून देईन. म्हणजे हा उपाय कायमचा नाही. पुढचं गणपतीला येईन तेव्हा तिघं बसून ठरवू. तेव्हा मी काहीही परस्पर ठरवणार नाही.

मी स्वतः यायला हवं होतं. ऑफिसचं मोठं काम मार्चअखेरपर्यंत आहे, पिल्लूच्या परीक्षा आहेत, ही कारणं खरी आहेत, पण लिहिताना मलाच अपुरी वाटतात. लहानपणी मला ताप आला की तुम्ही रजा टाकून उशाशी बसायचात, कॉम्प्युटरवर ते माशांचं स्क्रीनसेव्हर लावून द्यायचात, आणि मी मासे मोजत झोपायचे.

आता सूचना. रागावलात तरी चालेल.

शनिवारनंतरही कधी अडकला तर कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर तो बहुधा जिवंत आहे, फक्त कामात आहे. पाच मिनिटं थांबा, चहा घ्या. दिवा ढिम्म असेल तर पुढचं मोठं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, बंद होईल. प्लग ओढायचा नाही. खाली वाकायचं तर मुळीच नाही. मी त्या मुलाला यूपीएसचं बटण आणि एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या उंचीवर बसवायला सांगितलंय. त्याचे जास्तीचे पैसे दिलेत.

आठवड्यातून एकदा 'रिस्टार्ट' करा. तुम्ही रोज रात्री न चुकता शट डाऊन करता, पण विंडोज १० शट डाऊनमध्ये सहसा आतला गाभा डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं. रिस्टार्टलाच खरी कोरी सुरुवात होते. हे मी आधी कधी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला माहीत असायचं कारण नाही.

स्क्रीनवर "व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा" असं आलं तर फोन करायचा नाही. क्विक असिस्टमध्ये, म्हणजे मी लांबून तुमचा पडदा बघते त्या प्रोग्रॅममध्ये, मी सांगितलेलाच कोड टाकायचा, तोही माझा आवाज ओळखून. पैशाचं काही घडलंच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन आणि मग मला. आणि टॅब, बाबा, हवे तेवढे उघडा. आठ जीबीत मावतील.

आणि चक्कर. डॉक्टरांकडे या आठवड्यात जा. बीपीची गोळी सकाळची राहते आहे का ते आई बघेल. उभं राहून मोजलेलं बीपी आणि बसून मोजलेलं, दोन्ही लिहून आणा. हे मात्र फोनवर टाळू नका, मी मंगळवारी विचारणार आहे.

शनिवारी सगळं सुरू झालं की आधी आजीची फाइल लावा आणि फोन स्पीकरवर ठेवून मलाही ऐकवा. मी साडेबारापासून मोकळी आहे.

तुमची,
मनू

ता. क. आई, त्या मुलाला चहा दे पण टेबलावर नको, आत बसव. आणि टेबलक्लॉथ धुऊन ठेव. आतल्या पंख्यात धूळ फार आहे म्हणून तो ब्लोअर मारेल तेव्हा दोघंही बाल्कनीत बसा, बाबांना खोकला होतो.