'बूट घाल' म्हणणाऱ्या काकांना

प्रिय काका,

ही हाक तुम्ही माझ्या तोंडून कधी ऐकली नाहीत. तुम्ही आमच्या विद्यापीठाच्या इमारतीचे सफाई कामगार. तुमच्या शर्टाच्या खिशावर नाव शिवलेलं होतं आणि विशीतल्या पोरांपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळी इमारत तुम्हाला त्याच नावानं बोलवायची. मला ते जमलं नाही. बापापेक्षा मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायला जीभ रेटेना, म्हणून दोन वर्षं मी 'हाय' म्हणून पुढचा शब्द गिळायचे. मनात काकाच म्हणायचे.

तुम्ही निवृत्त झालात असं परवा लॅबमधल्या मैत्रिणीनं कळवलं. त्या संध्याकाळचं थँक्यू मी तेव्हाच म्हणून टाकलं होतं, पण तिकडे दार धरून ठेवणाऱ्यालाही तेच म्हणतात. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही हे माहीत आहे. ते वाचतील पुण्या-मुंबईची, कोकणातली पोरं, जी यंदा ऑगस्टमध्ये ओक्लाहोमाला, टेक्सासला, कॅन्ससला बॅगा भरून निघालीत, आणि त्यांचे आईबाप.

शिकायला ओक्लाहोमातल्या नॉर्मनला पोचल्यावर पहिल्याच शनिवारी, बारा वाजता, भोंगा वाजला. मी चपला टाकून जिना उतरले तर खाली लोक बाकावर बसून निवांत सँडविच खात होते. दर शनिवारी बाराला टॉर्नेडोचा इशारा देणाऱ्या भोंग्याची चाचणी असते, हे तेव्हा कळलं. सगळे हसले, मीही हसले. पुढे तो भोंगा म्हणजे माझं घड्याळच झालं. वाजला की भाताचा कुकर लावायचा.

म्हणून मे महिन्यातल्या त्या मंगळवारी संध्याकाळी तो वाजला तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा कुकर आला. आज शनिवार नाही, हे नंतर.

मी लगेच हलले नाही त्याचं हे एक कारण. आणि दुसरं कारण माझी शेखी. मी श्रीवर्धनची. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मी घरातच होते. आजोबांच्या वाडीतल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झालेल्या पाहिल्यात. वादळ म्हणजे काय हे मला कुणी शिकवायचं? पण आमचं वादळ दोन-तीन दिवस आधी बातम्यांत येतं. गुरं सोडायला, पत्र्यावर दगड ठेवायला, आजीला पक्क्या घरात हलवायला वेळ मिळतो. तुमच्या टॉर्नेडोची, ढगातून जमिनीवर उतरणाऱ्या त्या गरगरत्या सोंडेची, सूचना मिळते दहा-बारा मिनिटं आधी, कधी तेवढीही नाही. मराठीत दोन्हींना वादळच म्हणतात, आणि माझी फसगत तिथेच झाली.

दुपारी फोनवर 'टॉर्नेडो वॉच' आलं होतं. सहा वाजून गेल्यावर 'टॉर्नेडो वॉर्निंग' आलं. मला दोन्ही एकच वाटलं. फरक तुम्ही नंतर तळमजल्यावर समजावलात, तो मी आमच्या भाषेत घोळवून ठेवलाय: कलमाला मोहोर आलाय, यंदा आंबा धरू शकतो, हे वॉच. आंबा देठातून सुटलाय आणि खाली तू उभी आहेस, हे वॉर्निंग. गंमत अशी की देशभराचं वॉच काढणारं केंद्र आणि आपल्या भागाचं वॉर्निंग काढणारं कार्यालय, दोन्ही त्याच गावात, विद्यापीठाच्याच आवारात, दक्षिणेकडच्या एका इमारतीत. रडारवर ढग फिरताना पाहून तिथल्या कुणीतरी नकाशावर चौकट आखली, ती माझ्या फोनपर्यंत पोचली, फोन केकाटला, आणि मी तो पालथा घालून पश्चिमेच्या खिडकीशी गेले. आकाश हिरवट झालं होतं, शेवाळलेल्या विहिरीच्या पाण्यासारखं. व्हिडिओ घ्यायला हात वर केला तेव्हा पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा वाजला.

तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या पायांकडे पाहिलंत. मी दिवसभर खुर्चीत मांडी घालून बसते, बूट टेबलाखाली. तुम्ही म्हणालात, "बूट घाल." आणि मी नाड्या बांधेपर्यंत दाराशी उभे राहिलात. भोंगा वाजतोय, पोटात गोळा आलाय आणि हा माणूस माझ्या नाड्यांची वाट बघतोय! कारण खाली गेल्यावर कळलं. इमारत पडली आणि माणूस वाचला, तर पुढचे कित्येक तास त्याला काचा, खिळे, फाटलेले पत्रे यांच्यावरून चालायचं असतं. 2013 साली 20 मे च्या टॉर्नेडोनंतर शेजारच्या मूर गावात तुम्ही ते पाहिलं होतं. तुमचं घर तिथलंच.

लिफ्ट नाही, जिना. तळमजल्यावरचा आतला बोळ, स्वच्छतागृहांच्या मधला, जिथे एकही खिडकी नाही. चाळीसेक माणसं भिंतीला पाठ लावून बसलेली. एक प्राध्यापक, दोन घाबरलेल्या पहिल्या वर्षाच्या मुली, पिझ्झा द्यायला आलेला एक पोरगा. तो पोरगा म्हणाला, गाडी काढून दक्षिणेला निघून जाऊ. माझ्याही मनात तेच होतं. नाहीतर एखाद्या पुलाखाली थांबू. आम्ही पावसात फ्लायओव्हरखाली स्कूटर लावतोच की. तुम्ही त्याला हाताला धरून खाली बसवलंत. 1999 च्या 3 मे च्या टॉर्नेडोत असेच लोक हायवेच्या पुलांखाली शिरले होते. वारा त्या बोगद्यात आणखी चेकाळला आणि त्यातले काही परत आले नाहीत. आणि 2013 च्या 31 मे ला ओक्लाहोमातल्याच एल रीनो गावाजवळचा टॉर्नेडो चार किलोमीटरहून रुंद झाला तेव्हा गाड्या काढून पळालेले लोक रस्त्यावरच अडकून पडले. तुम्ही हे अगदी सपाट आवाजात सांगितलंत, फरशी ओली आहे जपून चाला असं सांगावं तसं.

मग तुम्ही डोकी मोजलीत आणि म्हणालात, दोन कमी आहेत.

काका, या पत्राचं कारण हे वाक्य आहे. बोळात कोण असायला हवं हे तुम्हाला ठाऊक होतं. संध्याकाळी सातनंतर त्या इमारतीत कोण बसतं, ही यादी कुणाकडेच नव्हती. ती तुमच्या कचऱ्याच्या फेरीत होती. कुठल्या टोपलीत रात्री नऊला केळ्याची साल पडते, कुठल्या खोलीत दिवा जळत राहतो, कोण कानाला हेडफोन लावून बसतं. भोंगा तर बाहेर उघड्यावर असलेल्या माणसांसाठी असतो. जाड भिंतींच्या आत तो पोचेलच असं नाही. रडार, चौकट, फोन, भोंगा एवढं सगळं होऊनही शेवटचे दोन जिने कुणीतरी चढायचेच होते. तुम्ही चढलात. दोघांना घेऊन आलात. दुसऱ्याच्या गळ्यात हेडफोन लोंबत होता.

त्यानंतरच तुम्ही बायकोला फोन लावलात. ती गॅरेजमधल्या जमिनीखालच्या शेल्टरमध्ये होती, कुत्र्यासकट. 'कुत्र्यासकट' म्हणताना तेवढे हसलात.

चाळीस मिनिटांनी वॉर्निंग उठलं. त्या ढगातून आमच्या बाजूला काहीच उतरलं नव्हतं. लोक कपडे झटकत उठले, कुणी पुटपुटलं की उगाच वेळ गेला. मीही पुटपुटले असेन. तुम्ही बादली आणली आणि चाळीस जणांच्या बुटांची माती पुसायला लागलात.

आता मी शिकागोत आहे. बूट पलंगाशेजारी ठेवते. व्हिडिओ कॉलवर आईला ते दिसतात आणि दर वेळी ती करवादते: "अगं, झोपायच्या खोलीत पायताण? लक्ष्मी टिकेल का?" तिला दोनदा सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं बाबांना त्यांच्या चपला पलंगाखाली ठेवायला लावल्या, कारण वादळ काय, कुठेही येतं.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या जागी जे कुणी आलं असेल त्यांना निरोप द्या. तिसऱ्या मजल्यावर शेवटून दुसऱ्या खोलीत एक इराणी मुलगा रात्री अकरापर्यंत बसतो. मोठे काळे हेडफोन लावतो. दार वाजवून ऐकू येत नाही, दिवा दोनदा बंद-चालू करावा लागतो.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची, मांडी घालून बसणारी