अंगावरून गेलेले वारे

वेंगुर्ले,
२ जुलै

प्रिय मधुकर,
सप्रेम नमस्कार.

अण्णांच्या अंगावरून वारे गेले तेव्हा त्यांचे वय ७२ होते, आणि पुढच्या दोन वर्षांत ते स्वतःच्याच माडांच्या बागेत वाट चुकू लागले. आजोबांचेही शेवटी तसेच झाले होते, म्हणून आता पाळी आपली, असे तू धरून चालला आहेस. आपल्याकडे याला घराण्याचा दोष म्हणून देवळात कौल लावतात. मी त्याला हसत नाही, कारण हे दोन आजार एकाच घरात जोडीने येतात, हे त्या माणसांनी नीट पाहिलेले असते.

एकाच जनुकातील बिघाडाने पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश दोन्ही ओढवावेत, असा एक आजार खरोखरच आहे. त्याचे नाव कॅडासिल. पॅरिसमधील संशोधकांनी १९९३ मध्ये त्याची जागा १९व्या गुणसूत्रावर दाखवली आणि १९९६ मध्ये नॉच-३ हे जनुक ओळखले. मेंदूच्या खोल भागातील बारीक धमन्यांच्या भिंती या बिघाडाने जाड व ताठ होतात, पक्षाघाताचे लहान लहान झटके येत राहतात आणि मेंदूतील पांढरे तंतू झिजत गेल्याने माणूस आधी मंदावतो, कामाचा क्रम चुकवतो. नावे तो बऱ्याचदा नंतर विसरतो. आईवडिलांपैकी एकात दोष असल्यास प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. हा आजार मात्र विरळा आहे.

बहुतेक घरांत वारसा इतका सरळ नसतो. अपोई जनुकाचा ‘ई-४’ नावाचा प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो आणि मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड हे चिकट प्रथिन साचवून उतारवयात रक्तस्रावही घडवू शकतो. पण तो असलेल्या सर्वांनाच आजार होतो असे नाही. शिवाय अनेक जनुके थोडाथोडा रक्तदाब वाढवतात, आणि त्यांच्या जोडीला आपण आगोटीला भरून ठेवलेले खारवलेले बांगडे असतातच. अण्णांना वीस वर्षे रक्तदाब होता आणि गोळी ते डोके जड झाले तरच घेत, हे तुला माझ्याइतकेच ठाऊक आहे.

तरीही एक गोष्ट मला खटकते. तुझ्या आत्याला ४८व्या वर्षी झटका आला, आणि त्याआधी कित्येक वर्षे तिला डोळ्यांपुढे चमका येऊन अर्धशिशी उठत असे. कॅडासिलची चाल साधारण अशीच असते, आणि एकाच घरात पहिल्या झटक्याचे वय बरेच मागेपुढे होऊ शकते, म्हणून अण्णांच्या ७२ वर्षांवरून मी ती शंका पुसून टाकणार नाही. परंतु तू घाईने स्वतःची जनुकीय चाचणी करून घेऊ नकोस. ज्याला आजार झाला आहे त्याचीच चाचणी आधी करायची असते; तिच्यात बिघाड सापडला तरच तुझ्या चाचणीच्या उत्तराला अर्थ येतो. शिवाय हा बिघाड दुरुस्त करणारे औषध आज नाही, आणि ते उत्तर तुझ्या मुलींच्याही डोक्यावर बसेल. म्हणून आधी त्यांच्याशी बोल.

रक्तदाबाचे तसे नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवू पाहणाऱ्या गटात स्मृतीची सौम्य घसरण कमी आढळली. स्मृतिभ्रंशाबाबतचा फरक मात्र पक्का ठरला नाही. तंबाखू तर आजच सोड, कारण कॅडासिल असो वा नसो, धूम्रपानाने झटका लवकर येतो.

चतुर्थीला येशील तेव्हा आत्याची एमआरआयची फिल्म मागून घेऊन ये. कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूच्या टोकाशी पांढरे डाग आहेत का, एवढे मला पाहायचे आहे. ते दिसले तर पुढचे आपण तिच्याशी बोलून ठरवू.

तुझा,
दत्ता