‘प्रभूजी, ह्याचे काय?’

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

परवा फोनवर बाबा म्हणाले, “माझ्या वयाचे ते गृहस्थ चर्चमध्ये अजून उभं राहून शास्त्रवाचन करतात. मला खुर्चीतून उठायचं तर कुणाचा तरी हात धरावा लागतो.” मागून आईचा आवाज आला, “आणि त्यांची मुलं त्यांच्याजवळ असतात.” मग तुम्ही दोघांनी विषय बदललात. त्या वेळी मी काही बोलले नाही. फोनवर चटकन सुचतं ते समजूत घालणारं असतं, आणि तुमची नुसती समजूत घालावी असं मला वाटत नव्हतं. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

दुसऱ्याशी तुलना करत तुम्ही जे बोललात ते मला परकं नाही. आधी शाळेतले गुण, मग नोकरी, पगार, लग्न, घर, मुलं असं करत ही मोजणी माझ्याबरोबर वाढत आली. आता तर फोन उघडला की जगभरच्या लोकांचे चांगले दिवस ओळीनं समोर येतात. पण मला सगळ्यांत जास्त बोचली ती मंडळीतली, म्हणजे आपल्या चर्चमधली तुलना. तिच्याबद्दल आपण मोकळेपणानं बोलत नाही. कुणाची प्रार्थना ओघवती आहे, कुणाची विश्वासाची साक्ष ऐकून लोकांचे डोळे भरतात, कुणाच्या मुलांना वचनं तोंडपाठ आहेत, पाळकसाहेब आधी कुणाला विचारतात. करिंथ शहरातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीतही ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ असं चाललंच होतं. त्यांना प्रेषित पौलानं पत्रातून जे विचारलं ते मी अधूनमधून स्वतःला विचारते: तुला दिलेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे? मला कमी मिळालं असं वाटतं तेव्हाही हा प्रश्न कामी येतो. जे आहे ते मोजून घेतलेलं नाही, कुणीतरी प्रेमानं हातात ठेवलेलं आहे, हे त्यामुळे पुन्हा ध्यानात येतं.

बाबा, तुमच्या त्या वाक्यानंतर मी योहानाच्या शुभवर्तमानाचा २१वा अध्याय पुन्हा काढला. तिबिर्याच्या समुद्राकाठी प्रभूनं आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असं विचारलं, तो भाग आपल्याला पाठ आहे. त्याच्या पुढच्याच ओळीकडे मात्र माझं नीट लक्ष गेलं नव्हतं. प्रभू पेत्राला त्याच्या म्हातारपणाबद्दल सांगतो. तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून हवं तिकडे जायचास. म्हातारा झालास की हात लांब करशील आणि दुसरा कुणी तुझी कंबर बांधून तुला नको तिकडे नेईल. हे पेत्राच्या मरणाविषयी होतं, असं तिथंच लिहिलं आहे. तरी ‘म्हातारा होशील तेव्हा’ हे शब्द आहेतच, आणि ते वाचताना मला तुमची खुर्ची दिसली.

एवढं गंभीर ऐकल्यावर पेत्रानं काय करावं? तो मागे वळून पाहतो. ज्या शिष्यावर येशूची प्रीती होती तो मागून येत असतो. परंपरेनं आपण त्याला योहान मानतो. पेत्र विचारतो, “प्रभूजी, ह्याचे काय?”

मला पेत्राची फार माया वाटते इथे. आपल्या वाट्याला आलेलं कठीण असलं की नजर लगेच शेजारी जाते. त्यालाही हेच सोसायचं आहे, की तो सुटला? या दोघांमध्ये आधीपासून तुलनेला जागा होतीच. याकोब आणि योहान यांनी प्रभूच्या उजवी-डावीकडची जागा मागितली तेव्हा बाकीचे दहा जण त्यांच्यावर रागावले होते, आणि त्या दहांत पेत्र होता. पुनरुत्थानाच्या सकाळी दोघं कबरेकडे धावले, तेव्हा तो दुसरा शिष्य पेत्राच्या पुढे धावला हेसुद्धा शुभवर्तमानात नोंदलेलं आहे.

प्रभू उत्तर देतो, “त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये.” आधी मला हे शब्द थोडे कडक वाटायचे. आता वाटत नाहीत. दुसऱ्याचं आयुष्य पेत्राला समजावून सांगायला प्रभू नकार देतो, पण त्याच वाक्यात त्याला स्वतःच्या जवळ बोलावतो. पेत्राला त्या क्षणी तेच हवं होतं, असं मला वाटतं.

आणि त्यानंतर काय घडलं ते बघा. ‘त्याचे तुला काय’ हे ऐकून पेत्रानं योहानाकडे पाठ फिरवली नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या ३ऱ्या अध्यायात प्रार्थनेच्या वेळी मंदिरात बरोबर कोण चाललंय? पेत्र आणि योहान. पांगळ्या माणसासमोर दोघं उभे आहेत. ४थ्या अध्यायात न्यायसभेपुढे दोघं, आणि ८व्या अध्यायात शोमरोनाला पाठवलेलेही तेच दोघं. बोलण्याचं काम बहुतेक पेत्र करतो, योहान सोबत असतो, आणि कुणाचं मोठं हा वाद पुन्हा निघालेला दिसत नाही. तुलना सुटायला आपल्याला माणसांपासून लांब जावं लागत नाही, हे मला इथे कळलं. माझ्या बाबतीत तर जवळ गेल्यावरच ती सुटू लागली.

हे मी माझ्या प्रार्थना गटात अनुभवलं. आमच्यात माझ्याच वयाची एक जण आहे. ज्या गोष्टींसाठी मी देवाकडे धरणं धरून बसले होते, त्या तिला सहज मिळतात असं मला वाटायचं. एकदा तिनं कामातल्या एका वरच्या पदासाठी प्रार्थना मागितली. तसंच पद मलाही हवं होतं. गटात प्रत्येकानं एकेकाचं नाव घ्यायचं असतं आणि त्या दिवशी तिचं नाव माझ्याकडे आलं. सुरुवातीला नुसते शब्द होते. पण आठवड्यामागून आठवडे एखाद्याचं नाव देवापुढे घेत राहिलं की त्या माणसाचं भलं व्हावं असं खरोखरच वाटू लागतं. तिला ते पद मिळालं तेव्हा मला जो आनंद झाला तो मी ओढूनताणून आणला नव्हता. आपण मागितलेलं मिळालं, असं वाटलं.

लोक म्हणतात, दुसऱ्याचं दुःख कळलं की हेवा जातो. मला ते पटत नाही. दुसऱ्याच्या दुःखातून मिळणारा दिलासा म्हणजे तीच तुलना, फक्त या खेपेला आपण वर असतो. ‘आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा’ असं पौल रोमकरांना लिहितो, तेव्हा आनंद आधी येतो. चौथ्या शतकात अंत्युखियात उपदेश करणाऱ्या योहान ख्रिसोस्तमनं यावर बोलताना म्हटलं होतं की रडणाऱ्याबरोबर रडण्यापेक्षा आनंदी माणसाबरोबर आनंद करायला मन अधिक मोठं लागतं. रडणाऱ्याजवळ आपण आपसूक थांबतो. दुसऱ्याचं चांगलं झालं की मात्र हेवा आड येतो. मंडळीत राहूनच हे शिकता येतं, एकट्यानं घरी बसून मला ते जमलं नसतं.

बाबा, आता तुमच्याविषयी. तुम्ही स्वतःला त्या गृहस्थांशी जोडून पाहता, पण त्याहून जास्त तुम्ही स्वतःच्याच जुन्या दिवसांशी तुलना करता, असं मला वाटतं. गायनवृंदात उभे राहणारे, आजाऱ्यांच्या घरी पायी जाणारे तुम्ही. मत्तयाच्या २५व्या अध्यायातल्या त्या दासांची गोष्ट घ्या. परदेशी जाताना धनी एकाला ५ तालांत, म्हणजे पैशांची मोठी रक्कम, सोपवतो, दुसऱ्याला २. परत आल्यावर धनी दोघांना शब्दन् शब्द तेच म्हणतो: शाबास, भल्या व विश्वासू दासा, आपल्या धन्याच्या आनंदात सहभागी हो. पाचवाल्याला एक अक्षरही जास्त नाही. तुमच्या हातात आज दोन असतील. तुमच्या उशाशी आजाऱ्यांच्या नावांची वही आहे आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा तुम्ही ती वाचता, हे आईनं मला सांगितलं आहे. लूकच्या शुभवर्तमानातली ८४ वर्षांची हन्ना उपास आणि प्रार्थना करत मंदिरातच असायची, आणि बाळ येशूला ओळखणाऱ्या मोजक्या माणसांत ती होती. तिच्या सेवेला कुणी कमी म्हणेल का?

आई, त्यांची मुलं जवळ आहेत, मी लांब आहे. तुला माझी उणीव भासते हे मला कळतं आणि त्यावर मी तुला काही शिकवणार नाही. मलाही तू हवी असतेस. तू त्यांच्याविषयी बोललीस म्हणून मी दुखावलेली नाही. एकच मागते. त्यांच्या मुलांची बातमी ऐकलीस की त्या रात्री त्यांचं नाव घेऊन प्रार्थना कर आणि मलाही सांग, मीही करीन. मग ती मुलं आपल्या दोघींच्या प्रार्थनेतली होतील.

बाबा, रविवारी तरुण संघातली मुलं तुम्हाला न्यायला येतो म्हणतात, त्यांना आता नको म्हणू नका. गीतं बसून गा. उभं राहावं लागेल म्हणून तुम्ही उपासनेला जायचं टाळता, हे मला अलीकडेच कळलं. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेब तुमच्या जागेपर्यंत येतील, फक्त त्यांना तसं आधी सांगायला हवं. आई, ते तू सांग, बाबा सांगणार नाहीत.

शनिवारी रात्री फोन करते. वहीतली नवी नावं तयार ठेवा, मी लिहून घेईन.

तुमची लेक