दाव्याचा आकडा छापून येतो, निकाल कुणी सांगायचा?

मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

एका पुढाऱ्याने दुसऱ्यावर आरोप केला की दुसऱ्या दिवशी ‘शंभर कोटींचा मानहानीचा दावा ठोकणार’ ही बातमी ठरलेली. अनेकदा तोवर फक्त वकिलाची नोटीस गेलेली असते. दावा दाखल झाला तरी त्या आकड्यात फार जीव नसतो. कोर्ट फी दाव्याच्या रकमेप्रमाणे वाढते खरी, पण आपल्या राज्याच्या कायद्यात तिला कमाल मर्यादा आहे. ती गाठली की पुढची शून्यं फुकट! बातमीत हे कधी वाचलेलं आठवत नाही.

शंभर कोटींचा हुकूमनामा, म्हणजे तेवढी भरपाई द्या असा न्यायालयाचा आदेश, खरोखर निघाला तो पुण्यात, 2011 साली. एका इंग्रजी वृत्तवाहिनीने 2008 मध्ये भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याची बातमी देताना भलत्याच न्यायमूर्तींच्या नावाबरोबर न्या. पी. बी. सावंत यांचं छायाचित्र दाखवलं. सावंत सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, शिवाय प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. वाहिनी अपिलात गेली, तेव्हा उच्च न्यायालयाने 20 कोटी रोख आणि 80 कोटींची बँक हमी भरायला सांगितली. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. लोकांच्या लक्षात शंभर कोटी राहिले. चूक कळल्यावर वाहिनीने तत्काळ दिलगिरी का व्यक्त केली नाही, हा दाव्यातला महत्त्वाचा मुद्दा किती जणांना माहीत आहे? (माध्यमांवरचाच दावा माध्यमं कितपत सरळ सांगणार, हे आणखी वेगळं.)

पण मला जास्त काळजी आहे ती रोजच्या दाव्यांची. ‘अपघातात मृत्यू, कुटुंबाला 36 लाख’ असा मथळा आला की गावात कुजबुज सुरू होते, पोराच्या जिवाचे पैसे केले म्हणून. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ही रक्कम मनाने ठरवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा निकालात हिशेबाची रीत घालून दिली आहे. महिना 30 हजार मिळवणारा, 36 ते 40 वयाचा माणूस गेला आणि मागे दोन-तीन जण त्याच्यावर अवलंबून असले, तर वर्षाच्या 3 लाख 60 हजारांतून एक तृतीयांश त्याचा स्वतःचा खर्च वजा होतो. उरलेल्या 2 लाख 40 हजारांना त्या वयासाठी ठरलेल्या 15 ने गुणायचं, झाले 36 लाख. पुढे मिळाली असती ती पगारवाढ आणि अंत्यविधीचा खर्च यांची भर त्यावर पडते. म्हणजे मथळ्यातली रक्कम ही त्या घराची बुडालेली कमाई असते. विमा कंपनी अपिलात गेली तर तीही हाती पडायला उशीर होतो, पण तोवर बातमी विरून गेलेली असते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे आधीच मुरलेलं. त्यात असे मथळे वाचून न्याय्य हक्क असलेली बाईही मागे सरते.

पत्रकारांना दोष देऊन भागणार नाही. तालुक्याच्या वार्ताहराने चाळीस पानांचं, बहुधा इंग्रजी निकालपत्र संध्याकाळच्या आत कधी वाचायचं? उलट राष्ट्रीय लोकअदालतीची बातमी पाहा: किती प्रकरणं मिटली, किती कोटींची तडजोड झाली, सगळं नीट छापून येतं. कारण ते आयतं लिहून हाती दिलेलं असतं.

तेच दिवाणी निकालांचं करा. न्यायालयांचं प्रशासन उच्च न्यायालयाकडे आहे, हे मान्य. पण निधी आणि पदं आपल्या विभागातून जातात. उच्च न्यायालयाशी बोलून प्रत्येक जिल्हा न्यायालयात महत्त्वाच्या दिवाणी निकालांचा पानभर मराठी सारांश काढायची सोय करा. मागितलं किती, मिळालं किती, कोणत्या कारणाने, अपील झालं का, एवढं त्यात पुरे. ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय निकालाबरोबर असा सारांश देतं आणि तो निकालाचा भाग नाही, अशी टीपही त्यात असते. जिल्हा माहिती कार्यालयं मंत्र्यांच्या दौऱ्यांची पत्रकं पाठवतातच, त्याच वाटेने हे सारांशही जाऊ द्यात. आणि अपिलात रक्कम कमी-जास्त झाली, तर तेही त्याच वार्ताहरांना कळवलं जावं.

आपला,
एक वृत्तपत्रवाचक, पुणे