सुन्या, हूड बदलायच्या आधी एक तांब्या पाणी ओत

प्रिय सुन्या,

परवा तुझा मेसेज वाचला, वळवाच्या एकाच पावसात जिप्सीच्या सीटा भिजल्या आणि कुशनवाला म्हणतोय वरचं अख्खं कापडी हूड नवीन घाला. दोन ओळींत उत्तर देणार होतो पण म्हटलं नको, नीटच लिहू, कारण गेल्या ऑक्टोबरपासून मी इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये, नेमकं हेच करत बसलोय आणि त्यातलं बरंचसं तुझ्या कामाला येईल. कुशनवाल्याला अजून ॲडव्हान्स दिला नसशील तर थांब जरा.

माझी गाडी तू फोटोत बघितलीस. माझदा मियाटा, 1992ची, लाल, दोन सीटांची, हेडलाइट लावले की बॉनेटमधून वर येतात ती. 1989 मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही पहिल्यांदा दाखवली, 1.6 लिटरचं इंजिन, 116 हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या मानाने काहीच नाही, पण मला ती हवी होती हूडसाठी. ना मोटर ना स्विच. बसल्या जागी मागची चेन उघडायची, वरचे दोन लॅच सोडायचे, हात मागे टाकला की हूड खाली. तुझ्या बाबांच्या जीपचं हूड पाटणला काढून डिकीत कोंबलं आणि आपण कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेलो, तो दिवस आठवतोय का, धुकं अंगावर येत होतं आणि बाबा गाडी थांबवायला तयारच नव्हते. तेव्हापासून डोक्यात होतं रे, एक अशी गाडी आपली पाहिजे.

तर घेतली ऑक्टोबरमध्ये, आणि पहिल्या पावसानंतर दार उघडलं तर ओल्या गोणपाटासारखा वास. पुढचं कार्पेट दाबलं की पाणी वर येत होतं. आणि या मॉडेलचा इंजिनचा कॉम्प्युटर कुठे असतो माहितीय, पॅसेंजरच्या पायाशी, कार्पेटच्या खाली! त्या रात्री मी धड झोपलो नाही, उठून दोनदा टॉवेल पिळून आलो. एका गॅरेजला दाखवली, त्यांनी बाहेरूनच हूडवर हात फिरवला आणि सांगितलं की हूड संपलंय, नवीन घाला, मजुरी धरून 1,400 डॉलर. आतलं कार्पेट उचलून पण बघितलं नाही त्यांनी. मला याचा अजून राग आहे.

आता खरी गोष्ट ऐक. या गाडीत थोडं पाणी आत येणारच असं धरूनच हूड बनवलंय. हूड मागे जिथे बॉडीला मिळतं तिथे आतून एक लवचिक प्लास्टिकची पट्टी आहे, इथे तिला रेन रेल म्हणतात, पण तू कोकणातल्या घराची पन्हळ डोळ्यासमोर आण, डिट्टो तेच काम. मागून ओघळलेलं सगळं पाणी या पन्हळीत पडतं, दोन्ही कोपऱ्यांना जातं, तिथे सीटबेल्टच्या खांबामागे एकेक भोक, त्यातून नळी खाली आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे पाणी रस्त्यावर. म्हणजे कापड कितीही चांगलं असू दे, नळी तुंबली की पन्हळ भरून वाहणार आणि पाणी तुझ्या पायाशी.

हे मला कळलं डिसेंबरात, आणि मग एका रविवारी मी स्वयंपाकघरातला तांब्या घेऊन खाली गेलो आणि डाव्या कोपऱ्यात हळूहळू पाणी ओतलं. गाडीखाली वाकून बघतो तर एक थेंब नाही. कोपऱ्यात पाणी तसंच उभं, काळं, वर पाईनच्या सुया तरंगतायत. गवत कापायच्या मशीनची ती जाड नायलॉन दोरी असते ना, ती घेतली, टोक मेणबत्तीवर धरून गोल केलं म्हणजे नळीला भोक पडायला नको, आणि गोल गोल फिरवत आत सरकवत गेलो. वीतभर आत गेल्यावर अडली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हात गारठलेले, आणि मग एकदम काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि खालून भळाभळा पाणी. त्याच्याबरोबर अंगठ्याएवढा काळा गोळा बाहेर पडला, चिखल, पाईनच्या सुया आणि मेपलच्या पंखवाल्या बिया, किती वर्षांचा साठलेला कोण जाणे. मी तो हातात घेऊन बघत बसलो. 1,400 डॉलरचं दुखणं म्हणे, आणि ते माझ्या तळहातावर होतं.

एक सांगतो, कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह होतो पण मारू नकोस कधी, आतल्या आत नळी जोडावरून निसटली तर ती परत बसवायला निम्मी गाडी खोलावी लागते.

उजवी बाजू मोकळीच होती. पण डाव्या बाजूला उशीर झाला होता, दाराखालचा जो पोकळ पत्रा असतो तिथे मागच्या चाकापुढे रंग फुगलेला, बोटाने दाबलं तर कुरकुरला. आत पाणी उभं राहून राहून पत्रा आतून सडला होता. तेवढा तुकडा कापून वेल्डिंग करून घेतलं, त्याला खर्च झालाच, पण तो कापडामुळे नाही झाला.

मग एप्रिलमध्ये ऊन आल्यावर कापडाला हात घातला. थंडीत या रेक्झिनला हात लावायचा नाही, कडक झालेलं असतं, आणि मागची जी खिडकी आहे ती काच नाहीच, मऊ प्लास्टिक आहे, गारठ्यात घडी घातली की तडा जातो. म्हणून तर हूड खाली घ्यायच्या आधी चेन उघडून खिडकी सपाट पाडायची असते, आधीच्या मालकाने ते केलेलं नाही हे तिच्यावरच्या आडव्या सुरकुतीवरून दिसतं. सीटमागचं कार्पेट काढलं, दहाचा पाना घेऊन ओळीने नट सोडले, तीन पत्र्याच्या पट्ट्या बाहेर काढल्या आणि पन्हळ मोकळी केली. कोपऱ्यात ती दोन बोटं रुंद फाटली होती. व्हिनाइलचा तुकडा आतून लावला, एचएच-66 म्हणून व्हिनाइल चिकटवायचं सिमेंट मिळतं, इथे ट्रकच्या ताडपत्र्या त्यानेच चिकटवतात, दोन्ही बाजूंना लावायचं, चिकट होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. घाई केलीस तर सुटतं, माझा पहिला तुकडा सुटला. दाराच्या वर जिथे घडी पडते तिथे चीर होती तिलाही तसंच ठिगळ, आतूनच, बाहेरून लावलेलं दिसतंही वाईट आणि वाऱ्याने उचकटतं.

आणि आता कव्हर. हूड खाली घेतल्यावर घडीवर जे झाकण बसतं ते. लोक ते गॅरेजमध्ये टाकून देतात, शोभेचं समजतात. पण उघड्या गाडीत तीच घडी पालथी पडून उन्हात शेकते, हायवेवर फडफडते, आणि कापड झिजतं ते तिथेच. माझं कव्हर मिळालं ते डिकीत, बॅटरीखाली दाबलेलं, कडेची टीप सगळी उसवलेली, चार टिच बटणं उपटलेली, आणि आकसून इतकं लहान झालेलं की बटण बटणाला पोचेना.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तुला माहितीय तिचा हात, कॉलनीतल्या सगळ्यांच्या सीट कव्हरांना तिच्या उषा मशीनची टीप आहे. ती म्हणाली, मशीनवर घेऊच नकोस, हाताने शिव, आणि जुन्या भोकांतूनच सुई काढ, नवी भोकं पाडलीस तर तिकिटासारखं फाटत जाईल. आणि दोरा साधा नको. तो मी इथे शोधला, व्ही-92 म्हणतात, बाँडेड पॉलिस्टर, बोटींची कापडं शिवायला वापरतात, नायलॉन उन्हाने कुजतो तसा हा कुजत नाही. तीन संध्याकाळ लागल्या. प्रत्येक भोक उजेडात धरून शोधायचं, सुई पक्कडने ओढायची, मध्येच आई विचारणार जेवलास का. फाटलेल्या बटणांच्या मागे रेक्झिनचा दुहेरी तुकडा घालून नवी बटणं ठोकली, कव्हर दोन तास उन्हात पसरलं, आणि गरम असतानाच दोघांनी दोन्हीकडून ओढून बसवलं. शेवटचं बटण टक् करून बसलं तेव्हा मी बायकोला मिठी मारली, शेजारी बघत होते, बघू देत.

तुझ्या जिप्सीत ही पन्हळीची भानगड नाही, पण पाणी नक्की कुठून येतं ते बघितल्याशिवाय हूड टाकू नकोस. पोराला टॉर्च देऊन आत बसव आणि तू बाहेरून पाणी ओत, खालून सुरुवात कर, आधी दाराच्या कडा, मग पुढच्या काचेची कड, शेवटी वरच्या शिलाया, म्हणजे वरचं पाणी ओघळून फसवणार नाही. माझा अंदाज काचेच्या वरच्या रबरावर आहे. शिलाई गेली असेल तर तेवढी शिवून होते. आणि ओलं हूड गुंडाळून ठेवू नकोस, बुरशी लागली की तो वास जात नाही, मी हिवाळाभर भोगलाय.

जूनच्या आत बघ आणि जिथून थेंब आला तिथल्या शिलाईचा जवळून फोटो टाक. व्ही-92चं अख्खं रीळ उरलंय माझ्याकडे, दादा पुढच्या आठवड्यात कराडला येतोय, त्याच्या बॅगेत टाकतो, चार जाड सुया पण ठेवतो. शिवायचं मात्र आईकडून करून घे, तिला मी सांगून ठेवलंय.

तुझा,
पक्या