हबलचा फोटो छापलात, लिव्हिटबाईंचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अवाढव्य समूह) २५ लाख प्रकाशवर्षं लांब असल्याचं कसं कळलं तो लेख वाचला. लेख झकास, पण त्यात खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलचा एवढा मोठा फोटो आणि ज्या बाईच्या शोधावर त्याने माप काढलं त्या हेन्रिएटा लिव्हिटचं साधं नावही नाही, राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मी वायरमन म्हणून रिटायर झालो. दिवा मंद दिसला की दोनच शक्यता, एकतर लांब आहे नाहीतर बल्ब कमी वॉटचा. ताऱ्यांचं दुखणंही तेच. आता आमच्या वाईतून रात्री पाचगणीचे दिवे दिसतात ते सगळे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर, म्हणजे त्यातला एखादा लखलखीत दिसला तर तो खरोखरच जास्त वॉटचा. बाईंनी नेमकं हेच धरलं, फक्त त्यांची पाचगणी म्हणजे दक्षिणेकडच्या आकाशातला मॅजेलनचा छोटा मेघ, नावाला मेघ पण खरं तर लांबवरचा ताऱ्यांचा समूह.

बाई हार्वर्डच्या वेधशाळेत, तासाला ३० सेंट पगार, कानाने जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. पेरूमधल्या दुर्बिणीतून काढलेल्या काचेच्या प्लेटा बोटीने यायच्या, निगेटिव्ह असल्याने आकाश पांढरं आणि तारे काळे ठिपके. वेगवेगळ्या रात्रींच्या प्लेटा एकमेकींशी ताडून कुठला ठिपका लहानमोठा होतोय, म्हणजे कुठल्या ताऱ्याचा उजेड कमीजास्त होतोय, ते भिंगातून बघत बसायचं, वर्षानुवर्षं. १९०८ साली त्यांनी मॅजेलनच्या दोन मेघांतले असे १७७७ तारे छापले. मग १९१२ मध्ये छोट्या मेघातल्या २५ ताऱ्यांचा आलेख काढला तर काय, ज्याला कमीजास्त व्हायला जास्त दिवस लागतात तो तेवढा जास्त तेजस्वी! म्हणजे दिवस मोजा, वॉट कळतो, आणि वॉट कळला की मंदपणावरून अंतर. हे सांगणारं पत्रक निघालं वेधशाळेच्या साहेबांच्या, पिकरिंगच्या सहीने, आत एक ओळ की हे मिस लिव्हिटनी तयार केलंय. बरं, एवढं तरी लिहिलं म्हणायचं.

हबलला १९२३ मध्ये देवयानीत असाच एक तारा सापडला. त्याचं अंतर तेव्हा साधारण ९ लाख प्रकाशवर्षं निघालं, आकडा कमी भरला, पण देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची हे पक्कं झालं.

आणि गंमत म्हणजे लग्नात नवरानवरीला अढळ म्हणून दाखवतो तो ध्रुवतारासुद्धा याच जातीचा, साधारण चार दिवसांनी किंचित कमीजास्त होतो.

लिव्हिटबाई १९२१ मध्ये ५३ व्या वर्षी कॅन्सरने गेल्या. १९२५ साली स्वीडनच्या एका गणितज्ञाने नोबेलसाठी नाव सुचवायचं म्हणून त्यांना पत्र पाठवलं तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षं उलटली होती.

पुढच्या रविवारी दोन ओळींचा खुलासा टाका. फोटोही मिळतो त्यांचा, टेबलावर वाकून लिहितानाचा.

आपला एक जुना वाचक, वाई